लालबागच्या नायकिणीकडे पाच दिवस

आमच्या चाळीत काशीला जाऊन आलेल्या तीन म्हाताऱ्या आहेत. परळला जाऊन आलेली बाई एकही नाही. गिरगावातून परळ चारेक मैल. गच्चीवर पापड वाळत घालताना गिरण्यांची धुराडी दिसतात, वारा फिरला की धूरही येतो, पण तिकडे कोणी जात नाही. मी जाणार हे कळल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "बी. ए. होऊन शेवटी गिरणीतच ना? मग चौथीतच सोडायचीस की शाळा! बापाची फी वाचली असती."

जायचे कारण असे. माझे वडील छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवतात. परळला उभी राहत असलेल्या एका नव्या गिरणीची जाहिरात त्यांच्याकडे छापायला आली: रिळाच्या खात्यात बायका पाहिजेत, त्यांच्यावर एक अनुभवी नायकीण पाहिजे. रिळाचे खाते म्हणजे कांड्यांवरचे सूत मोठ्या फाळक्यावर गुंडाळून त्याच्या लडी करायचे खाते. हे काम बायका करतात आणि त्यांच्यावरची मुकादम बाई म्हणजे नायकीण. वडील बोलता बोलता म्हणाले, "गिरण्या वाढतायत, पण कोकणातून पहिल्यांदा आलेल्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या. नव्यांना शिकवणार कोण?" त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून मी गिरणीच्या हेडक्लार्कना इंग्रजीत पत्र लिहिले: काम शिकवणारी मराठी पुस्तिका मी तयार करून देते. चौथ्या दिवशी उत्तर आले. जुन्या गिरणीतले काम पाहा, काय काय शिकवावे लागेल याचा साहेबांसाठी इंग्रजीत अहवाल लिहा, मग पुस्तिका.

पदवी मिळून आठ महिने झाले होते. तोवर तिचा उपयोग चाळीतल्या लोकांच्या तारा वाचून दाखवण्यापलीकडे झाला नव्हता. मी हर्षाने वेडी झाले.

वडील म्हणाले, "मथुरेकडे उतर. आपल्या गावची. लालबागच्या गिरणीत नायकीण आहे. आणि हे बघ, निघायच्या आधी एवढे प्रूफ वाचून दे. तुझे वाचणे चोख." इंटरमीजिएटपासून त्यांची प्रुफे मीच वाचते. मुलगी शिकल्याचा त्यांना अभिमान आहे, म्हणून ते माझ्याकडून वाचून घेतात, असे मी समजत होते.

बुधवारी सकाळी निघाले. हे वाचून ज्या भगिनींना जायचे असेल त्यांनी भायखळ्यापर्यंत घोड्यांची ट्राम धरावी. वाटेत घोडे बदलतात तेवढा वेळ गाडीत बसून राहावे, उतरलात तर जागा गेली. भायखळ्याहून पुढे मी पायी गेले. चिंचपोकळी ओलांडली की रस्त्याचा रंग बदलतो, कोळशाच्या चुऱ्याने काळा होतो, आणि झाडांच्या पानांवर कापसाची लव बसलेली दिसते. लांबून पाहणाराला वाटावे, हिव पडले आहे. पांढरे लुगडे नेसून जाऊ नये. मी गेले होते.

मथुरामावशीची खोली विहिरीमागच्या कौलारू चाळीत. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, कपाळावर रुपयाएवढे कुंकू. दारात उभी राहून तिने माझे तोंड दोन्ही हातांनी चाचपले. मला वाटले, माया.

"बापासारखीच हनुवटी गो तुझी! आत ये. गोदे, पाणी आण."

गोदा म्हणजे तिची सून, पंचविशीची, सडसडीत, कमी बोलणारी. मुलगा बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी येतो. गोदा सहा महिन्यांपूर्वी गावाहून आली आणि मावशीच्या हाताखाली काम शिकते आहे.

जेवायला कुळथाची पिठी, भाकरी आणि भाजलेली सुकट होती. जेवताना मावशीने आपला बेत सांगितला. त्या शनिवारी ती जुनी गिरणी सोडणार होती आणि नव्या गिरणीत नायकीण म्हणून लागणार होती; बोलणे झाले होते, साहेबांनी एकदा पाहणे तेवढे उरले होते. दोन वर्षे तिथे काढायची, तोवर गोदाला तयार करायचे, मग आपली जागा गोदाला देऊन गावी जायचे. गिरणीतल्या जागा अशाच जातात. म्हातारी बाई आपल्या माणसाला आणते, महिनोन् महिने मागे उभी करते, आणि एक दिवस स्वतः बाजूला होते.

"जुन्या गिरणीतच का नाही देत गोदाला जागा?" मी विचारले.

"तिथं मुकादमाची मेव्हणी बसलीय टपून, घारीवानी. नव्या गिरणीत कुणाचं कोण नाय. पयली नायकीण मी, तर माझ्यामागं माझी सून."

मी पुस्तिकेचे सांगितले. मावशी हसली.

"वाचणार कोण ती?"

"मुकादम वाचून दाखवील."

"त्या आवाजात? बाय माझे, तिथं देव जरी बोलला तरी हातवारे करूनच बोलंल!"

ते दुसऱ्या दिवशी पटले. भोंगा झाला तेव्हा पुरते उजाडले नव्हते. नायकिणीचे माणूस म्हणून फाटकावर मला कोणी अडवले नाही. आत पाऊल टाकले आणि माझे स्वतःचे बोलणे मला ऐकू येईनासे झाले. कानांत कापसाचे बोळे घालावेत, तोंडाला रुमाल बांधावा. लव घशात जाऊन दिवसभर खोकला येतो. बायका बोलतात, पण हातांनी. मिशीला पीळ दिल्याची खूण म्हणजे मुकादम आला. कपाळावर आडवा हात म्हणजे साहेबाची टोपी. माझ्याकडे पाहून एकीने हवेत काहीतरी लिहिल्यासारखे केले आणि सगळ्या हसल्या. मग मीही हसले.

सूत तुटले की फाळका थांबवून गाठ मारायची. गाठ एवढी बारीक हवी की लडीत ती कुठे अडकू नये. हीच खरी विद्या. नव्या बाईची गाठ तिळाएवढी होते आणि विणताना सुटते. मथुरामावशी ओळीमधून फिरत होती. बाईच्या खांद्यावर हात ठेवायची, तिची बोटे आपल्या बोटांत धरायची, आणि बाजूला व्हायची. सूत किती बारीक आहे ते ओठाला लावून सांगायची. संध्याकाळी उजेड कमी झाला, बाकीच्या बायका तोंडाशी सूत नेऊन डोळे बारीक करू लागल्या, तेव्हाही मावशीची गाठ तशीच पडत होती. ती सुताकडे पाहतही नव्हती. गोदा सारखी तिच्या उजव्या हाताला, अर्धे पाऊल पुढे.

मी वहीत गाठीवर सात वाक्ये लिहिली. डावे टोक खाली, उजवे वर, अंगठ्याने दाबावे, वगैरे. रात्री गोदाला वाचून दाखवली. ती ऐकून म्हणाली, "बरोबर हाय. पण अशी पडत नाय."

शुक्रवारी परळला नवी गिरणी पाहिली. तिचे नाव लिहीत नाही. विटांचे डोंगर, बांबूंच्या परांच्या, चुन्याच्या घाण्याला बैल जुंपलेले. विलायतेहून आलेली यंत्रे गवतात गुंडाळून पेट्यांत उभी होती. धुराडे अर्धे झाले होते आणि त्याच्या टोकावर गवंडी कावळ्यांएवढे दिसत होते. हेडक्लार्क पेंडसे, घारे डोळे, उपरण्यावर शाईचा डाग, मोठ्या उत्साहाने सगळे दाखवत होते. त्यांच्याशी बोलताना मला प्रथमच वाटले की मी कोणीतरी आहे.

"आणि नायकीण?" त्यांनी विचारले.

"मथुराबाईंसारखी साऱ्या मुंबईत मिळणार नाही," मी म्हणाले. "अहवालात लिहिते."

दुपारी पाय मोकळे करायला दादरच्या बाजूला गेले. गिरण्या मागे पडल्या की भाताची खाचरे आणि नारळीची बने लागतात. माहीमकडून मासळीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या दोन कोळणी माझ्या लुगड्याकडे पाहून म्हणाल्या, "कुठं गं, माहेराला की सासरला?" "कामाला," मी म्हणाले. तर एक दुसरीला म्हणते, "ऐकलंस? कामाला! हात बघ तिचे!" एका वाडीत शहाळे प्यायले आणि तिथल्याच ओट्यावर बसून अहवाल पुरा केला. बारा पाने झाली. मथुरामावशीवर सबंध पान लिहिले. तिच्याविषयी मला जे जे वाटले ते सगळे त्यात होते. शेवटी लिहिले: ही बाई धाग्याकडे पाहतसुद्धा नाही; अंधारातही तिची गाठ चुकत नाही; तिच्या बोटांनाच डोळे आहेत. इंग्रजीत ते वाक्य फार चांगले उतरले होते. मी ते स्वतःशी मोठ्याने दोनदा वाचले. परतताना अहवाल पेंडशांच्या हातात दिला.

शनिवारी सकाळी मावशीने जुन्या गिरणीतली जागा सोडली. फाळक्याला हळदकुंकू लावले, नारळ फोडला आणि मुकादमाच्या मेव्हणीला पुढे ओढून फाळक्यासमोर उभे केले. "घे बये. गाठ बारीक मार, नायतर माझं नाव जाईल." बायकांनी मावशीच्या ओटीत नारळाचे तुकडे घातले. एवढाच सोहळा. मग आम्ही तिघी परळला निघालो.

पेंडशांच्या खोलीत साहेब बसले होते. समोर टेबलावर माझी बारा पाने होती आणि शेजारी एका पांढऱ्या कागदावर पांढऱ्या सुताचे काही धागे ओळीने ठेवले होते.

पेंडसे म्हणाले, "बाई, हे किती धागे आहेत ते साहेबांना सांगा."

मावशीने हात पुढे केला.

साहेब पेंडशांशी हळू आवाजात काहीतरी बोलले. पेंडशांनी सांगितले, "हात न लावता."

मावशीचा हात टेबलाच्या कडेवर थांबला. गोदा पुढे सरकली, तर साहेबांनी बोटाने तिला मागे राहायला खुणावले. खिडकीबाहेर कोणीतरी लोखंड ठोकत होते. मावशी कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आठ."

पाच होते. ती काय म्हणाली ते साहेबांना सांगायचीही पेंडशांवर वेळ आली नाही. साहेबांकडे पाहून पेंडशांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

तेव्हा मला सगळे कळले. पहिल्या दिवशी माझ्या तोंडावरून फिरलेले हात, अर्धे पाऊल पुढे चालणारी गोदा, सुताकडे न पाहणारी मान. मोतीबिंदू. इतके दिवस तिने तो साऱ्या गिरणीपासून लपवला होता, आणि मी तो सुरेख इंग्रजीत लिहून दिला होता.

मी बोलायला लागले. खरे तर थांबूच शकत नव्हते. नायकीण नको तर शिकवायला ठेवा, म्हणाले. तीस नव्या बायका येणार, त्यांना गाठ कोण शिकवणार? शिकवायला डोळे कशाला हवेत? यांची बोटे धरून पाहा, साहेब! हे मी इंग्रजीतही बोलले आणि मराठीतही.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. वाईट माणूस नव्हता तो. हजेरीचा पट उघडून त्यांनी एकेका खात्यावर बोट फिरवले. पेंडशांनी ती मावशीला मराठीत सांगितली: कापूस, पिंजण, सूत, रीळ, विणकाम. शिकवणारीचे खाते नाही. खाते नाही तर नाव कुठे लिहायचे?

"आणि तशी गरजही नाही," पेंडसे माझी समजूत घालत म्हणाले. "तुमची पुस्तिका आहे ना आता."

सुनेला मात्र घेऊ, म्हणाले. नायकीण म्हणून नाही. साधी बाई म्हणून. गिरणी सुरू होईल त्या दिवशी यावे.

परतीच्या वाटेवर मी अहवालातले ते वाक्य सांगितले, तेव्हा गोदा बोलली. सासूचा दंड घट्ट धरून ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुमचं पुस्तक झालं. आमची जागा गेली."

"गप गो," मावशी म्हणाली. "खोटं काय लिवलंन तिनं? समदं खरं लिवलंन." चिंचेच्या झाडापाशी ती थांबली, दम घेतला. "पण बाय, खरं कुणापुढं उघडायचं, ते तुमच्या कालेजात शिकवत नायत वाटतं."

रस्ताभर मनात अहवालाची पाने उलटत होते. ते एक वाक्य नसते तर. ते वाक्य इतके चांगले नसते तर.

रविवारी मी सकाळीच निघणार होते, पण निघवेना. दहाच्या सुमाराला शेजारच्या दोघी आल्या. मग आणखी तिघी. नव्या गिरणीत लागायचे ठरवलेल्या. रविवारी हल्ली गिरण्यांना सुट्टी असते. त्या मावशीला भेटायला आल्या होत्या, सुतकाला यावे तशा, दारात चपला काढून मुकाट्याने बसल्या. मावशीने थोडा वेळ तो शोक चालू दिला आणि मग म्हणाली, "बसलाव कशाला? गोदे, कोनाड्यातलं सूत काढ." तिने एकीला पुढे ओढले, तिची बोटे आपल्या बोटांत घेतली. "डोळं मीट."

"मिटू?"

"मीट गो. उघड्या डोळ्यांनी येत असती तर या शिकलेलीला आली नसती का?"

सगळ्या खोखो हसल्या. गोदा हसली नाही, पण तिने मलाही एक धागा दिला. मी डोळे मिटले. मावशीच्या बोटांचे कातडे खडबडीत, पण हालचाल अशी की काही झाल्याचे कळतही नाही. धागा जुळला होता. स्वतः मारायला गेले तर तिळाएवढी गाठ झाली. दुपारपर्यंत माझ्या चाळीस गाठी झाल्या असतील. त्यातली एक बरी होती, असे मावशी ओठाला लावून म्हणाली.

मी निघताना पाहिले तर बायकांनी मूठ मूठ तांदूळ आणून सुपात टाकले होते. एवढ्यावर घर चालत नाही, हे त्यांनाही माहीत होते आणि मावशीलाही.

घरी येऊन आता अकरा दिवस झाले. माझे कशात चित्त लागत नाही. काकू विचारतात, "काय पाहिलेस गं परळला?" मी म्हणते, धुराडी. पुस्तिका लिहून दिली. गाठीची सात वाक्ये मी काढून टाकली आणि त्या जागी लिहिले: 'गाठ पुस्तकातून येत नाही. लालबागला विहिरीमागच्या चाळीत मथुराबाई नायकीण दर रविवारी शिकवतात. तिथे जावे, जाताना शेरभर तांदूळ न्यावेत.' पेंडसे हे खोडतील की ठेवतील, कोण जाणे. पण बायकांना वाचता येत नाही म्हणून गिरणी सुरू होईल त्या दिवशी फाटकाशी उभे राहून पुस्तिका मोठ्याने वाचायला त्यांनी मलाच बोलावले आहे. खोडलेले वाक्यही मला पाठ आहे. यंत्रांचा आवाज फाटकाबाहेर एवढा येत नाही.

इथपर्यंतचा मजकूर वडिलांनी स्वतः जुळवला. काल संध्याकाळी खिळ्यांच्या पेटीसमोर ते उभे होते आणि मी बाजूला मजकूर वाचून दाखवत होते. त्यांचा हात पेटीतल्या घरांवरून फिरत होता, क, ळ, काना, मात्रा, एकही घर न चुकता. ते पेटीकडे पाहत नव्हते. समोरच्या भिंतीकडे पाहत होते.

मी वाचायची थांबले.

लालबागच्या सगळ्या गोष्टी मी त्यांना आल्या दिवशीच सांगितल्या होत्या. पाच धाग्यांचीसुद्धा. तेव्हा त्यांनी फक्त दिव्याची वात मोठी केली होती. आता त्यांनी मान वळवली नाही. खिळा चिमटीत फिरवून त्याची खाच अंगठ्याने पाहिली आणि जागेवर बसवला.

"वाच पुढे," ते म्हणाले. आणि मग, हळू आवाजात: "आणि हे बघ, बाळ. छापखान्याबद्दल कधी काही लिहायला बसलीस, तर माझे कौतुक करू नकोस."

मी पुढे वाचू लागले.

छापखान्याचे नाव, त्यांचे नाव आणि माझे नाव या लेखातून म्हणूनच गाळले आहे. आज सकाळी पाहिले तर माझ्या टेबलावर प्रुफांचा एक नवा गठ्ठा होता. प्रुफे मी नेहमीपेक्षा सावकाश वाचली, एकही चूक सुटू दिली नाही. खिळे जुळवायला किती दिवसांत येते, ते मात्र त्यांना अजून विचारायचे आहे.